सोबतचं कुटुंब

सांता लुगार्दाच्या चौकात मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दिवेलागणीला दान्सोन असतो, आणि तिसरा दान्सोन सुरू व्हायच्या आधी एर्मेलिंदा उस्कांगा खुर्चीवरून उठून उभी राहते. गुडघे कुरकुरतात, पंखा मांडीवरून खाली पडतो, शेजारची बाई तो उचलून देते. हे इतकी वर्षं चाललंय की गावातल्या पोरांना हा नाचाचाच एक भाग वाटतो.

दान्सोन हा सभ्य माणसांचा नाच. जोडीनं, सावकाश, घाम आला तरी आला नाही असं दाखवत नाचायचा. मधे ठरावीक जागी वाजंत्री मूळ धून परत घेतात, तेव्हा सगळ्या जोड्या थांबतात. बायका पंखे हलवतात, पुरुष मानेवरून रुमाल फिरवतात, आणि कुठल्या नवराबायकोत अबोला आहे ते त्या विसाव्यात अख्ख्या गावाला कळतं. पण विसाव्याहून मानाची रीत ती सुरुवातीची. कुणाला तरी अर्पण केल्याशिवाय इथं दान्सोन वाजत नाही. निवेदक नाबोर मालपिका, ज्याचे केस पंच्याहत्तराव्या वर्षीही बुटाच्या पॉलिशइतके काळे आहेत, माईक हातात घेऊन घसा खाकरतो आणि म्हणतो, "हा दान्सोन अमक्या अमक्यांना, आणि त्यांच्या सोबतच्या कुटुंबाला." नाव घेतलेल्यानं उठायचं, वाजंत्र्यांना मान तुकवायची, बसायचं. सोबत कुटुंब असो नसो, नाबोर ते म्हणतोच. एकदा त्यानं जन्मभर एकट्या राहिलेल्या दंतवैद्याला दान्सोन अर्पण केला. दंतवैद्य उठला, मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं, तसाच बसला. त्यानंतर दोन महिने तो चौकात फिरकला नाही.

तिसरा दान्सोन मात्र कायम एकाच माणसाचा, माएस्त्रो सेवेरियानो आल्पुचे यांचा. हे थोर संगीतकार मूळचे क्यूबातल्या मातान्सासचे. बोटीनं या बंदरात उतरले, चौदा दान्सोन रचले आणि धर्मादाय दवाखान्यात वारले. दवाखान्याच्या वहीत त्यांच्या नावापुढं लिहिलं आहे: परदेशी, वादक, नातलग नाहीत. जिवंतपणी गावानं त्यांच्याकडं फारसं पाहिलं नाही. मेल्यावर पंचेचाळीस वर्षांनी गावाला त्यांची आठवण इतकी अनावर झाली की ब्राँझचा पुतळा उभारावा लागला. तो चौकाच्या कोपऱ्यात बदामाच्या झाडाखाली उभा आहे. आधीच उभ्या असलेल्याला आणखी कसं उठवणार? म्हणून एर्मेलिंदा उठते.

ती त्यांची कुणीही लागत नाही. त्या पुतळ्याचा चेहरा तेवढा तिच्या नवऱ्याचा आहे.

झालं ते असं. पुतळ्यासाठी समिती बसली तेव्हा समितीत नऊ माणसं होती, आणि माएस्त्रोंचा फोटो नवांपैकी एकाकडंही नव्हता. राजधानीहून आलेल्या शिल्पकारानं सांगितलं की चेहऱ्याशिवाय पुतळा होत नाही. एका सदस्यानं सुचवलं, मग पाठमोरा करा. माएस्त्रोंना प्रत्यक्ष पाहिलेले दोन म्हातारे बोलावले. एक म्हणाला उंच होते, दुसरा म्हणाला बुटके, आणि दोघांना आवरण्यात बैठक संपत आली. तेवढ्यात एर्मेलिंदाचा नवरा क्रिसोफोरो नगराध्यक्षांचे सदरे घेऊन दारात उभा राहिला.

क्रिसोफोरो इस्त्रीवाला होता. दान्सोनला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला पांढरी ग्वायाबेरा लागते. चार खिशांचा, छातीवर उभ्या चुण्या घातलेला सदरा. त्या चुण्या खळ घालून सुरीच्या पात्यासारख्या उभ्या करायच्या, हे काम गावात दोघांनाच जमायचं. एक क्रिसोफोरो, दुसरी एर्मेलिंदा. दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून काम करत. तो पाठ आणि छाती, ती कॉलर आणि बाह्या.

शिल्पकारानं दाराकडं पाहिलं. रुंद कपाळ, जाड मिशी, जरा खाली आलेल्या भुवया, आणि डोळ्यांत कुठं तरी लांब हरवल्याचा भाव. तो म्हणाला, "हाच. हा माणूस आत काही तरी ऐकतोय."

क्रिसोफोरो त्या वेळी आठवत होता की इस्त्री उभी ठेवली की आडवी.

अकरा दिवस रोज सकाळी त्याला बसवून ठेवलं. शिल्पकारानं त्याचा चेहरा घेतलाच, वर हातही घेतले. डाव्या हातात सुरावटींची गुंडाळी दिली. उजवा हात वाजंत्र्यांना इशारा करतोय असा पुढं उचलायला सांगितला. पण वीस वर्षं इस्त्रीची मूठ पकडून क्रिसोफोरोची बोटं सरळ होईनात. ती आत वळलेलीच राहिली, आणि शिल्पकाराला तेच आवडलं. अंगठ्याखाली इस्त्रीच्या टोकाचा चंद्रकोरीएवढा चटका होता, तोही ब्राँझमध्ये उतरला. पुढं शाळेच्या सहली येऊ लागल्या तेव्हा मास्तर मुलांना समजावत, "बघा, माएस्त्रो सुरांना हळुवार दाबून धरताहेत."

अनावरण झालं आणि गावाला आयतं खाद्य मिळालं. लोक दुकानाच्या दारात येऊन विचारत, "माएस्त्रो, माझी विजार झाली का?" क्रिसोफोरो वर न बघता सांगे, "तिसऱ्या दान्सोननंतर या." एर्मेलिंदाची आई म्हणाली, चला, जावई एकदाचा ताठ उभा राहिला. संध्याकाळी तो ब्राँझच्या स्वतःपुढं बायकोबरोबर नाचायचा आणि विसाव्यात पुतळ्याकडं बघून म्हणायचा, "याला बरंय. याच्या सदऱ्याला सुरकुती पडत नाही."

सात वर्षांनी तो गेला. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की हे बंदर दारं लावून घरात बसतं. इस्त्री करून अंग तापलेलं असताना गार वाऱ्यात जायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी बारा ग्वायाबेरा झाल्या होत्या, आणि नाबोरची राहिली होती. ती एर्मेलिंदानंच पुरी केली आणि म्हणाली, "तेवढी देऊन ये. नाहीतर तो कालचीच घालून माईकसमोर उभा राहील." क्रिसोफोरो अंगातल्या बनियनवर गेला. चार दिवस ताप होता. चौथ्या दिवशी, ती ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत असताना, त्यानं विचारलं, "पोचला का सदरा?" ती म्हणाली, पोचला. मग तो काही बोलला नाही.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सदरा कुणी पाठवला, हे नाबोरला कळत होतं. नाबोरला कळतंय, हे तिलाही कळत होतं. दोघांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. तो तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. असं नातं असलं की न बोलता बरंच काही चालवून घेता येतं.

वर्षभरानं ती पहिल्यांदा चौकात आली ती काळ्या कपड्यांत, आणि पुतळ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. नाबोरनं तिसरा दान्सोन पुकारला. "माएस्त्रो सेवेरियानो आल्पुचे यांना, आणि त्यांच्या सोबतच्या कुटुंबाला." म्हणताना त्याची नजर तिच्याकडं गेली. सवय होती, दया होती, की त्याला दुसरीकडं बघवलं नाही, देव जाणे. एर्मेलिंदा उठली. गाव थोडं चपापलं, मग वाजंत्री सुरू झाली, आणि दान्सोन सुरू झाला की इथं कुणी प्रश्न विचारत नाही.

तेरा वर्षांनी नदी गावात शिरली. पाणी ओसरलं तेव्हा लग्नाचा फोटो चौकटीत होता, पण कागदावर चेहऱ्यांच्या जागी दोन तपकिरी डाग राहिले होते. दुसरा फोटो काढलाच नव्हता. क्रिसोफोरो म्हणायचा, चौकात एवढा मोठा उभा आहे, आणखी कशाला? मुलगी लग्न होऊन उत्तरेला सरहद्दीकडं गेली होती. ती फोनवर म्हणे, आई, मला पपांचे डोळे आठवतात, नाक आठवत नाही. मग एर्मेलिंदा चौकात जाऊन नाक बघून यायची आणि फोनवर सांगायची.

गावातले जुने लोक मरत गेले, नवे येत गेले. पाहुण्यांना तिसऱ्या दान्सोनला उभी राहणारी काळ्या कपड्यांतली बाई दिसे आणि ते आपसांत कुजबुजत, नात असणार. कुणी विचारलंच तर ती म्हणे, "कॉफी गार होतेय तुमची." माएस्त्रोंच्या पुण्यतिथीला नगरपालिकेकडून तिच्या घरी फुलं येऊ लागली. पहिल्या वर्षी तिनं ती चर्चमध्ये नेऊन ठेवली. दुसऱ्या वर्षी क्रिसोफोरोच्या थडग्यावर.

आणि मग मातान्सासहून पत्र आलं.

ते घेऊन आला सांस्कृतिक खात्याचा अधिकारी एफ्रेन. हा मुलगा शिकलेला, नम्र आणि पायातल्या बुटांना जपणारा. तो दुकानात खुर्चीच्या टोकावर बसला आणि त्यानं आनंदाची बातमी सांगितली. माएस्त्रोंच्या बहिणीच्या नातीला जुन्या पेटीत एक फोटो सापडला होता. खरा, स्टुडिओत काढलेला, मागं तारीख आणि सही असलेला. माएस्त्रो काळे होते, सडपातळ होते, डोळ्यांना चष्मा होता. म्हणजे पुतळ्याशी त्यांचं एका कानाचंही साम्य नव्हतं. पालिकेनं ठराव केला होता: जुनं डोकं उतरवायचं, ते वितळवून त्याच ब्राँझचं नवं ओतायचं. फक्त नियमाप्रमाणं कुटुंबाची संमती लागत होती. मातान्सासच्या कुटुंबाची आली होती.

"आणि इथल्या कुटुंबाची सही राहिलीय," एफ्रेन म्हणाला आणि त्यानं कागद टेबलावर ठेवला. खळ घातलेल्या कॉलरींच्या शेजारी.

एर्मेलिंदानं कागद वाचला. नाव, आडनाव, पत्ता, सगळं बरोबर होतं. खाली छापलं होतं: माएस्त्रोंचे स्थानिक कुटुंबीय. तिनं विचारलं, सही नाही केली तर?

"तर काय, डोन्या एर्मेलिंदा, डोकं आहे तसं राहील," एफ्रेन हसला. त्याला तो विनोद वाटला. मग कागद तिथंच ठेवून, गुरुवारी येतो म्हणून, तो वाटेतला चिखल चुकवत निघून गेला.

नाबोर संध्याकाळी आला. त्यानं कागद हातभर लांब धरून वाचला, कारण चष्मा लावला तर वय दिसतं असं त्याचं मत होतं.

"करू नका सही," तो म्हणाला.

"मी त्यांची कुणी नाही, कोंपाद्रे."

"चोवीस वर्षं मी माईकवरून सांगतोय तुम्ही आहात म्हणून. गावात कुणी ऐकलं नाही असं नाही. आता पालिकेच्या कागदावरही आलंय. आणखी काय लागतं माणसाला नातलग व्हायला?"

"रक्त लागतं."

"रक्ताचे माझे तीन भाऊ आहेत. एकानंही मला कधी फुलं पाठवली नाहीत." मग त्याचा आवाज खाली आला. "कोमाद्रे, माझ्या सदऱ्यापायी गेलेला माणूस तिथं तेवढा उरलाय. मला दर वेळी त्याच्याकडं बघून बोलायचं असतं. त्याचं डोकं कापून नेलं तर मी कुणाकडं बघू?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सदऱ्याचा विषय निघाला होता. एर्मेलिंदानं इस्त्री उचलली, ती गार होती, परत ठेवली. म्हणाली, नाही करत सही. आणि तिला बरं वाटलं. खोटं तर खोटं. तिनं काही मागितलं नव्हतं, गावानंच आणून टेबलावर ठेवलं होतं.

बुधवारी दारात एक उंच, काळी, काटकुळी म्हातारी उभी राहिली. अंगावरच्या पिवळ्या झग्याला प्रवासाच्या एवढ्या घड्या पडल्या होत्या की एर्मेलिंदाचे हात आपोआप शिवशिवले. बाई तिच्याकडं क्षणभर बघत राहिली आणि मग आत येऊन तिनं तिला मिठीच मारली.

"मी सेनाइदा. मातान्सासची. सेवेरियानोच्या बहिणीची, कासिमिराची नात," ती म्हणाली. "आणि तू त्याची. अगं, मला काल पालिकेत कळलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. आम्हाला वाटत होतं त्याचं इथं कुणीच नव्हतं."

एर्मेलिंदानं बसायला खुर्ची दिली. खरं ते लगेच सांगून टाकावं असा तिचा विचार होता. पण ही बाई श्वास घ्यायला थांबेल तर ना. सेनाइदानं झग्याच्या गळ्यातून दोन पुठ्ठे काढले, पुठ्ठ्यांमधून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला, जिथं आधीपासून तो कागद पडला होता.

एर्मेलिंदानं इतक्या दिवसांत या माणसाचा राग राग करून पाहिला होता. आता त्याला बघितलं. तिशीतला, सुपासारखे कान बाहेर आलेले, चष्म्याआडून हसतोय, आणि हसताना पुढच्या दातांतली फट लपवायचं विसरलाय. विचारमग्न वगैरे अजिबात नव्हता. फोटोवाल्यानं गंभीर व्हा म्हटल्यावर नेमकी गंमत आठवली असावी असा चेहरा. आणि कॉलरची डावी बाजू वर आलेली. इस्त्री धड नव्हती. तिच्या मनात आलं, याचे कपडे बघणारं कुणी नव्हतं. पुढं तिला त्याचा राग आणता येईना.

सेनाइदा सांगत होती. आजी कासिमिरा मरेपर्यंत रोज कपाटावर पाण्याचा पेला ठेवायची. आमच्याकडं मेलेल्यांसाठी ठेवतात, तहान लागते त्यांना. बाकी सगळ्यांचा मिळून एक पेला आणि सेवेरियानोचा वेगळा. का, तर बाकीचे घरी मेले. हा परक्या गावात, कुणाच्या ओळखीत नसताना. त्याचे डोळे कुणी मिटले असतील, हे विचारत विचारत म्हातारी गेली. मग आई विचारायची. आता मी.

"शेवटी जवळ कुणी होतं का गं?" सेनाइदानं विचारलं. "तुझ्या घरात सांगत असतील ना. मला खरं सांग, वाईट असलं तरी चालेल. इतकी वर्षं आम्ही वाईटच धरून चाललोय."

वाईट काय ते एर्मेलिंदाला ठाऊक होतं. धर्मादाय दवाखाना. वहीतली ओळ. परदेशी, वादक, नातलग नाहीत. ती ओळ माहीत नसलेलं गावात कुणी नव्हतं. पुतळ्याच्या चौथऱ्यावर मात्र कुणी ती कोरली नव्हती.

ती उठली, कोळसे फुलवले, इस्त्री वर ठेवली. पाठमोरी राहूनच बोलली.

"चार दिवस ताप होता."

"चारच?"

"चारच. उत्तरेचा वारा होता. बायको जवळ होती."

सेनाइदानं तोंडावर हात ठेवला.

"फडकं ओलं करून कपाळावर ठेवत होती. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होता. काम पुरं झालं का, म्हणून विचारलं. लोकांचं काम अडलेलं त्याला आवडायचं नाही. बायको म्हणाली, झालं. मग डोळे तिनंच मिटले."

"त्रास नाही झाला?"

"त्याला नाही."

यातला शब्दही खोटा नव्हता. फक्त माणूस दुसरा होता. क्रिसोफोरो कसा गेला, हे ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होती, आणि सांगून झालं तेव्हा ते तिच्याकडं उरलं नव्हतं. समोर एक म्हातारी खुर्चीवर पुढंमागं हलत रडत होती. गळ्यातलं हाड निघाल्यावर माणूस रडतं तशी. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "घरी गेले की त्याचा पेला मी बाकीच्यांत मिळवते. आता वेगळा नको."

मग तिचं लक्ष कागदाकडं गेलं. "आणि हे काय, बहिणी? तू अजून सही नाही केलीस?"

"चष्मा सापडत नव्हता," एर्मेलिंदा म्हणाली.

चष्मा गळ्यात दोरीला लोंबत होता. सेनाइदानंच तो तिच्या डोळ्यांवर चढवला. एर्मेलिंदानं सही केली, पूर्ण नाव, तारखेसकट. मग सेनाइदाला आतल्या खोलीत पाठवून झगा बदलायला लावला आणि त्या पिवळ्या झग्याला अशी इस्त्री केली की नगराध्यक्षांच्या बायकोच्या कपड्यांनाही तशी कधी मिळाली नव्हती.

एफ्रेननं कागद नेला तेव्हा तिनं एकच विचारलं: जुनं डोकं बघायला मिळेल का, उतरवल्यावर, जवळून? एफ्रेन म्हणाला, अवश्य, तुम्ही तर कुटुंबीय. पण उतरवायला माणसं ठरल्या दिवसाच्या आधीच आली, ट्रक घाईत होता, आणि ती चौकात पोचली तेव्हा झाडाखाली उरलेल्या माएस्त्रोंच्या मानेवर गोणपाट बांधलेलं होतं.

सात आठवडे ते गोणपाट तसंच होतं. दान्सोन थांबला नाही. गाव गप्प बसलं नाही. कुणी म्हणालं, माएस्त्रो केस कापायला गेलेत. कुणी म्हणालं, आता खरा पुतळा झाला, नगराध्यक्षांचा. नाबोरनं त्या सात आठवड्यांत तिसरा दान्सोन पुकारताना कागदावर नजर ठेवली, जसं काही त्याला ते वाक्य पाठ नव्हतं. एर्मेलिंदा एकदाही आली नाही. मुलीचा फोन आला तेव्हा नाकाचा विषय निघाला नाही. निघाला असता तर काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. पण पहिल्यांदा ठरवलेलं दुसऱ्या दिवशी तिलाच नीट आठवेना. नाक रुंद होतं, एवढं नक्की. शेंड्याला जरा बसकं. की ते सावलीमुळं वाटायचं?

नवं डोकं बघूनच परतायचं म्हणून सेनाइदा गावातच थांबली होती; ते बसलं त्या गुरुवारी ती एर्मेलिंदाला न्यायला घरी आली. नाही म्हणायची सोय नव्हती. पिवळा झगा कडक होता, एर्मेलिंदाचा काळाही. दोघी पुतळ्यासमोरच्या खुर्च्यांवर बसल्या. वर ब्राँझचा चष्मा, बाहेर आलेले कान, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. काम चांगलं झालं होतं. शिल्पकारानं कॉलर मात्र जुनीच ठेवली होती, कारण ती धडाची होती. तिच्या दोन्ही बाजू सपाट बसलेल्या. क्रिसोफोरो शिल्पकारासमोर बसायला जायचा तेव्हा रोज सकाळी एर्मेलिंदानं स्वतः तिला इस्त्री केली होती.

पहिले दोन दान्सोन झाले. नाबोर माईकपाशी आला. घसा खाकरला. परत खाकरला. लोक बघू लागले, कारण नाबोर दोनदा खाकरत नाही.

"हा दान्सोन," तो म्हणाला आणि थांबला. त्यानं वर पाहिलं, त्या चष्म्याकडं, आणि मग लगेच खाली. "माएस्त्रो सेवेरियानो आल्पुचे यांना. आणि त्यांच्या सोबतच्या कुटुंबाला."

सेनाइदा ताडकन उठली आणि तिनं एर्मेलिंदाचा दंड धरून तिलाही उठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाच सुरू झाला. सेनाइदाला इथली चाल नीट येत नव्हती, त्यांच्याकडं पावलं जरा वेगळी पडतात, पण ती म्हणाली, चालवून घे. दोघी बायका एकमेकींना धरून हळूहळू फिरत राहिल्या. विसावा आला तेव्हा त्या नेमक्या झाडाखाली होत्या.

सगळ्या जोड्या थांबल्या. एर्मेलिंदानं पंखा उघडला. सेनाइदा पुतळ्यापाशी गेली, टाचा उंच करून तिनं त्याच्या पुढं आलेल्या उजव्या हाताला हात लावला. वळलेली बोटं चाचपली. आपला हात त्याच्या शेजारी धरला. तिचीही बोटं संधिवातानं तशीच आत वळली होती.

"बघ," ती म्हणाली. "डोकं चुकलं होतं त्यांचं, पण हात बघ. अगदी आजीचे. आमच्या घरातले हात आहेत हे."

एर्मेलिंदानं बघितलं. अंगठ्याखालची चंद्रकोर लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखी पिवळी झाली होती.

"आहेत खरे," ती म्हणाली.

धून पुढं सरकली, जोड्या हलल्या, आणि सेनाइदानं परत तिचा हात हातात घेतला.

शनिवारी सेनाइदाची बोट गेली. मंगळवारी नाबोरनं तिसरा दान्सोन पुकारला आणि सवयीनं त्या खुर्चीकडं पाहिलं. एर्मेलिंदा बसलेली होती. वाजंत्री खोळंबले. पंखा मांडीवरून खाली पडला, शेजारच्या बाईनं तो उचलला आणि हातात धरून वाट बघत राहिली. मग एर्मेलिंदा उठली आणि तिनं मान तुकवली. परक्या गावात मेलेल्या त्या हसऱ्या माणसासाठी उठणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं.